स्वेटरवाल्यांची बंदूक

(बुलढाणा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



दिवाळी उरकली की आपल्या विदर्भ-खानदेशातल्या गावांत स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात. ताडपत्रीचं छप्पर, दोरीवर टांगलेली जर्किनं, मागे स्टुलावर बसलेली एखादी म्हातारी. आपण त्यांना सरसकट 'नेपाळी' म्हणतो. घासाघीस करतो, स्वेटरावर एखादी कानटोपी फुकट मागतो आणि घरी येतो. ते नेपाळी नाहीत, तिबेटी आहेत. आपल्याच विदर्भात, गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडच्या बाजूला नॉर्गेलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे, १९७२ पासून. तेव्हा तो मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं हे लोक आपले शेजारी आहेत, आणि या शेजाऱ्यांचं आपल्या डोक्यात एकच चित्र आहे. हसरा, जपमाळ ओढणारा, कुणाचं वाकडं न करणारा तिबेटी.

आज ज्या माहितीपटाबद्दल बोलायचं आहे, तो या चित्राला पहिल्या दहा मिनिटांत तडा देतो. 'द शॅडो सर्कस : द सीआयए इन टिबेट'. साल १९९८, दिग्दर्शक ऋतू सरीन आणि तेन्झिंग सोनम. आमच्या अभ्यास मंडळात काही महिन्यांपूर्वी आम्ही तो महाविद्यालयीन मुलांना दाखवला. दिवे लागल्यावर नेहमीप्रमाणे थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. तो म्हणाला, "सर, आपण दरवर्षी बारा जानेवारीला ज्या गोष्टीसाठी सिंदखेडराजाला जातो, तीच गोष्ट या लोकांनी केली. मग यांचं नाव आपण कधी ऐकलं का नाही? आणि शेवटी यांना बंदुका खाली ठेवायला सांगितल्या, ते बरोबर होतं का?"

दोन प्रश्न होते. त्या दिवशी आम्ही दोन्हींना बगल दिली. 'फार गुंतागुंतीचा विषय आहे' असं काहीतरी बोललो, जे आपण उत्तर नसताना बोलतो. आजचं व्याख्यान त्या उधारीपोटी आहे.

आधी हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती शाळेत कुणी शिकवत नाही. १९५० च्या ऑक्टोबरात चिनी लाल सैन्यानं पूर्व तिबेटात चामदो घेतलं. १९५१ च्या २३ मे रोजी सतरा कलमी करार झाला. ल्हासामध्ये काही वर्षं वरवर शांतता होती, पण पूर्वेकडच्या खाम प्रांतात 'लोकशाही सुधारणा' सुरू झाल्या. जमिनींचं फेरवाटप, मठांच्या मालमत्तेवर टाच, आणि त्याबरोबर घराघरातली हत्यारं जमा करण्याची मोहीम. खांपा माणसाच्या घरात बंदूक असणं म्हणजे आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात विळा असण्यासारखं. १९५६ मध्ये उठाव झाला आणि लिथांगच्या मठावर विमानांतून बॉम्ब पडले. मठात आसरा घेतलेली माणसं मेली. तिथून पुढे हा लढा पेटला.

त्याचा नेता कोण? आंद्रुक गोम्पो ताशी, लिथांगचा एक व्यापारी. त्यानं आधी काय केलं ते ऐका. दलाई लामांना सोन्याचं सिंहासन अर्पण करायचं म्हणून गावोगाव वर्गणी गोळा केली. १९५७ मध्ये ते सिंहासन अर्पण झालं. पण वर्गणी गोळा करताना माणसं जोडली गेली, निरोप पोचवण्याच्या वाटा तयार झाल्या, आणि त्याच वाटांवरून पुढे बंडाचे निरोप गेले. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या वर्गणीतून काय काय उभं राहिलं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचं नवल वाटू नये. १६ जून १९५८ रोजी संघटना रीतसर स्थापन झाली. नाव 'चुशी गांगद्रुक', म्हणजे चार नद्या, सहा पर्वतरांगा. त्यात व्यापारी होते, मेंढपाळ होते, भिक्खूही होते.

भिक्खूंपाशी जरा थांबू. हातात बंदूक घेण्याआधी त्यांच्यातले कित्येकजण आपल्या गुरूकडे गेले आणि प्रव्रज्येची व्रतं परत करून आले. धर्मासाठीच लढतो आहोत, मग सगळं माफ, असं ते म्हणाले नाहीत. जे करणार आहोत ते भिक्खूला शोभणारं नाही, म्हणून आधी भिक्खूपण उतरवून ठेवू आणि मग करू, असा त्यांचा हिशेब होता. आम्हाला या सगळ्या प्रकरणात याहून नैतिक कृती दुसरी दिसत नाही. वर्गशत्रूला मारण्यात दोष नाहीच, इतिहासच त्याला मारतो आहे आणि आपण फक्त निमित्त, असं मानणारी एक विचारसरणी समोर उभी होती. तिच्याशी लढताना हे लोक मारण्याचा दोष आपल्या नावावर लिहून घेत होते. दोघांच्याही हातात बंदूकच होती, हे खरं. तरी हा फरक आम्ही लहान मानत नाही.

आता माहितीपट. अमेरिकेच्या सीआयएनं या लढ्याला मदत केली. त्या कार्यक्रमाचं सांकेतिक नाव 'एसटी सर्कस', त्यावरून चित्रपटाचं नाव. १९५७ मध्ये पहिल्या सहा तिबेटींना पॅसिफिक महासागरातल्या सायपान बेटावर नेऊन शिकवलं. पुढे कोलोरॅडोच्या डोंगरात कॅम्प हेल नावाच्या तळावर बरीच माणसं तयार झाली. १९६० पासून नेपाळच्या मुस्तांगमध्ये, तिबेटच्या सीमेला खेटून, सुमारे दोन हजार लढवय्यांचा तळ उभा राहिला. हे सगळं माहितीपटात त्या म्हाताऱ्या लढवय्यांच्या आणि निवृत्त अमेरिकन अधिकाऱ्यांच्या तोंडून येतं. अमेरिकन अधिकारी भावुक होऊन बोलतात. तिबेटी मात्र शांतपणे, जवळजवळ हिशेब दिल्यासारखं बोलतात. आम्हाला हा विरोधाभास फार बोलका वाटला. ज्याचं घर गेलं तो कोरडा, आणि ज्याचं घर शाबूत आहे त्याचे डोळे ओले.

दिग्दर्शकांपैकी तेन्झिंग सोनम यांचे वडील ल्हामो त्सेरिंग हे या लढ्याचे एक मुख्य सूत्रधार. १९७४ मध्ये नेपाळ सरकारनं त्यांना पकडलं आणि ते १९८१ पर्यंत तुरुंगात होते. म्हणजे मुलानं बापाची गोष्ट सांगितली आहे. तरीही चित्रपट बापाचा पोवाडा होत नाही, ही त्याची मोठी कमाई.

पण आमचे दोन आक्षेप आहेत, आणि ते बारीक नाहीत.

पहिला आक्षेप जुन्या तिबेटाबद्दल. तिथे जमीन कुणाची होती? मठांची, सरदार घराण्यांची आणि सरकारची. कुळं जमिनीला बांधलेली. चित्रपट याकडे उभ्या-उभ्या पाहतो आणि पुढे जातो. ताराबाई शिंदे यांच्या बुलढाण्यात उभं राहून आम्ही मठांच्या मक्तेदारीचं कौतुक करणार नाही. 'पेशवाई वाईट होती म्हणून इंग्रज न्यायी ठरत नाहीत' हे वाक्य ऐकायला बरं वाटतं. आम्हालाही ते मान्य आहे. पण महाराष्ट्रात ते वाक्य सगळ्यांना सारख्या आवाजात म्हणता येत नाही. पेशवाईत ज्याच्या गळ्यात मडकं होतं, त्याला विचारा. तसंच, एखाद्या तिबेटी कुळाला पहिल्या दिवशी चिनी सैनिक मुक्तिदाता वाटला असेल, तर आम्ही त्याला गद्दार म्हणणार नाही. इतकंच विचारू, की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याला काय वाटलं? कारण जमीन मठाकडून सुटली, पण त्या कुळाच्या हातात फार काळ राहिली नाही. कम्यून आले आणि जमीन पुन्हा दुसऱ्याची झाली.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. १९६१ मध्ये मुस्तांगच्या एका तुकडीनं चिनी लष्करी वाहनावर छापा घातला. त्यातली माणसं मारली आणि एक पिशवी हाती आली. त्या पिशवीत चिनी सैन्याचे अंतर्गत गोपनीय कागद होते. माओच्या 'मोठ्या झेपे'त गावंच्या गावं उपाशी आहेत, सैनिकांना घरून पत्रं येताहेत आणि त्यानं सैन्याचं मन खचतं आहे, असा मजकूर त्यांत होता. अमेरिकेला घबाड मिळालं. चित्रपट हा प्रसंग एका यशस्वी मोहिमेसारखा दाखवतो. आणि आम्ही तिथे अडलो. त्या कागदांचा अर्थ काय? ज्या चिनी शिपायावर गोळी झाडायची, त्याची आई हुनान किंवा सिचुआनमध्ये उपाशी आहे, आणि तिला उपाशी ठेवणारी राजवट तीच आहे जिच्याविरुद्ध खांपा लढतो आहे. दोघेही एकाच जात्यात भरडले जाताहेत. राजवट ल्हासाच्या रस्त्यावर उभी नसते, तिथे तिचा शिपाई उभा असतो. जुलमी राजवटीविरुद्ध हत्यार उचलावं का, या वादात 'राजवट' हा शब्द आपण फार सहज वापरतो. गोळी राजवटीला लागत नाही. सीआयएनं त्या पिशवीतून गुप्तवार्ता काढली. माणूस कुणीच काढला नाही, चित्रपटानंही नाही.

म्हणजे मग लढू नये का? या ठिकाणी आम्हाला बाबासाहेबांकडे जावं लागतं. नुसती नावाची फुलं वाहायला नव्हे. या नेमक्या प्रश्नावर त्यांनी विचार करून ठेवला आहे आणि आपण तो वाचत नाही.

२६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बाबासाहेब परराष्ट्र धोरणावर बोलले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारत-चीन करार होऊन पंचशील जाहीर झालं होतं, आणि त्या करारात तिबेट हा चीनचा प्रदेश म्हणून आपण मान्य करून टाकला होता. बाबासाहेबांचा रोख असा, की पंचशील ही मुळात बौद्ध धम्माची गोष्ट. माओचा तिच्यावर खरोखर विश्वास असता, तर त्यानं आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळं वागवलं असतं. नेहरूंच्या सभागृहात, १९५४ मध्ये, हे बोलायला छाती लागत होती.

पुढे नागपूरची धम्मदीक्षा झाली, १४ ऑक्टोबर १९५६. आणि २० नोव्हेंबरला काठमांडूत, जागतिक बौद्ध परिषदेत, ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. त्याच विषयावरचं त्यांचं अपुरं लेखन नंतर शासनाच्या खंडांत छापलं गेलं. त्यात सिंह सेनापतीची कथा येते. वैशालीचा हा सेनापती बुद्धाला विचारतो, की तुम्ही अहिंसा शिकवता, मग अपराध्याला शिक्षा करू नये का, आपल्या बायकामुलांच्या रक्षणासाठी लढू नये का? बुद्धाचं उत्तर बाबासाहेब असं मांडतात की न्यायासाठी आणि रक्षणासाठी लढणाऱ्याला दोष लागत नाही. शांततेचे सारे उपाय खुंटले, तर हिंसेची जबाबदारी युद्ध सुरू करणाऱ्यावर जाते. दुष्ट शक्तीपुढे शरण जाऊ नये. मात्र लढाई स्वार्थासाठी नसावी. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हेच दुसऱ्या तऱ्हेनं येतं. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नाही. नियम पाळतो किंवा मोडतो. तत्त्व मात्र प्रत्येक वेळी डोकं वापरून लावावं लागतं.

योगायोग बघा. बाबासाहेब काठमांडूत हे बोलत होते त्याच सुमारास, बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त, तरुण दलाई लामा भारतात आले होते, आणि तिकडे खाममध्ये बंड पेटलेलं होतं. सिंह सेनापतीचा प्रश्न पोथीतून उठून डोंगरात चालायला लागला होता.

गांधींचंही एक सांगून ठेवतो, कारण वर्धा आपल्यापासून लांब नाही आणि गांधींच्या नावानं तिबेटींना फार उपदेश झाला आहे. १९२० मध्येच त्यांनी लिहिलं होतं, की भेकडपणा आणि हिंसा यांतच निवड असेल तर ते हिंसेचा सल्ला देतील. १९३९ मध्ये पोलंडनं बलाढ्य जर्मनीशी झुंज दिली, तेव्हा तिला त्यांनी जवळजवळ अहिंसाच मानलं. त्यावर त्यांच्याच मंडळींनी त्यांना पुष्कळ छेडलं. तेव्हा 'गांधींना विचारा' म्हणणाऱ्यांनी आधी गांधी वाचावेत.

आता मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. बंदुका खाली ठेवायला सांगितल्या, ते बरोबर होतं का?

दोन तारखा शेजारी ठेवा. १७ मार्च १९५९. दलाई लामा रात्री ल्हासातून निघाले. ३१ मार्चला भारताच्या हद्दीत आले. मधल्या दोन आठवड्यांत त्यांच्या वाटेवर राखण कुणी केली? चुशी गांगद्रुकच्या बंदुकांनी. आपल्या पहिल्या आत्मचरित्रात, जे १९६२ मध्ये निघालं, दलाई लामा या भेटीविषयी लिहितात. या लोकांनी घरदार सोडलं होतं, त्यांच्यापुढे लढण्याखेरीज वाट उरली नव्हती, तेव्हा त्यांना हिंसा टाळा असं प्रामाणिकपणे सांगणं आपल्याला शक्य नव्हतं, असा त्यांचा कबुलीजबाब आहे. 'प्रामाणिकपणे' या शब्दावर बोट ठेवा. ज्या माणसाच्या बंदुकीच्या सावलीत तुम्ही चालता आहात, त्याला तुम्ही बंदुकीचे तोटे सांगू शकत नाही.

दुसरी तारीख, १९७४ चा जुलै. चित्र बदललेलं. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये पेकिंगला जाऊन आले होते, तिबेटी लढ्याची मदत त्याआधीच आवरती घेतली गेली होती. १९७३ च्या अखेरीस नेपाळचे राजे बीरेंद्र चीनला जाऊन आले, आणि मग नेपाळचं सैन्य मुस्तांगकडे निघालं. लढवय्ये शस्त्रं द्यायला तयार नव्हते. लढाई झाली असती, पण कुणाशी? नेपाळ्यांशी, ज्यांच्याशी त्यांचं काही भांडण नव्हतं. दलाई लामांनी आपल्या आवाजात निरोप ध्वनिमुद्रित केला. शस्त्रं ठेवा. त्यांचे मेहुणे ताकला ती टेप घेऊन मुस्तांगला गेले. छावण्या-छावण्यांत ती वाजवली गेली. डोंगरात चौदा वर्षं काढलेल्या माणसांनी, ज्याच्यासाठी लढत होतो त्याचाच आवाज ऐकला. बहुतेकांनी शस्त्रं दिली. काहींनी जीव दिला.

सेनानी ग्यातो वांगदू मूठभर माणसं घेऊन निसटला. हा १९५७ मध्ये सायपानला गेलेल्या पहिल्या सहांतला एक. भारताच्या सीमेपाशी, टिंकर खिंडीजवळ, नेपाळी सैन्यानं त्याला गाठून मारलं. भारत अगदी समोर दिसत असेल.

दुसऱ्या आत्मचरित्रात, १९९० मध्ये, दलाई लामा याबद्दलही लिहितात. इतक्या धैर्याला आणि निष्ठेला आव्हान देणं चुकीचं वाटत होतं आणि तरी आपण योग्य तेच केलं हे मनातून माहीत होतं, असा त्यांचा भाव आहे. दोन्ही गोष्टी एका दमात. आम्ही हा उतारा कित्येकदा वाचला आहे. त्यात विजयी भाव नाही. अहिंसेचा निर्णय किती महाग पडला, आणि ती किंमत दुसऱ्यानं भरली, याची त्यात जाणीव आहे.

तर बरोबर होतं का? आमचं मत, बरोबर होतं. १९७४ मध्ये लढणं म्हणजे तिबेटसाठी लढणं उरलंच नव्हतं. सिंह सेनापतीच्या कसोटीवर घासा. युद्ध सुरू करणारा चीन, पण गोळी खाणार होता नेपाळी गुरखा. आणि ज्या मुलानं शिवरायांचं नाव काढलं, त्याला आम्ही पुरंदरची आठवण देऊ. १६६५ मध्ये महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांना दिले. त्यानं कुणी मावळ्यांना भेकड म्हटलं नाही. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की महाराजांना ते किल्ले परत घ्यायला मिळाले. मुस्तांगवाल्यांना पुढची पाळी आलीच नाही.

बरोबर होतं, असं आम्ही म्हणतो. पण म्हणण्याचा अधिकार आमचा किती? इथे पहिला प्रश्न येतो. यांचं नाव आपण का ऐकलं नाही?

१९५९ मध्ये भारतातल्या कम्युनिस्ट पक्षानं चीनची बाजू घेतली. समाजवादी मंडळी तिबेटच्या बाजूनं उभी राहिली. जयप्रकाशजी कलकत्त्याच्या तिबेट परिषदेचे अध्यक्ष झाले. आणि मुंबईत २० एप्रिलला समाजवादी निदर्शकांनी चिनी वकिलातीच्या भिंतीवर माओचं चित्र लावलं आणि त्यावर टोमॅटो आणि अंडी मारली. चीननं चिडून खलिता पाठवला, की समाधान झालं नाही तर शंभर वर्षं गेली तरी हे प्रकरण मिटणार नाही. मराठी मुलखानं साम्यवादी राजवटीविरुद्ध केलेला हा सशस्त्र प्रतिकार! शस्त्रं, अंडी आणि टोमॅटो. आम्ही चेष्टा करत नाही. त्या निदर्शकांचं मन स्वच्छ होतं. पण त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांत तिबेटचा ठराव आला तेव्हा भारत तटस्थ राहिला, १९६१ मध्येही तटस्थ राहिला. बाजूनं मत पडलं ते १९६५ मध्ये, चीनकडून मार खाल्ल्यानंतर.

आणि त्या माराच्या दिवसांत, १९६२ च्या नोव्हेंबरात, आपणच काय केलं? तिबेटी तरुणांची एक गुप्त फौज उभी केली. स्पेशल फ्रंटियर फोर्स, 'एस्टॅब्लिशमेंट २२'. चुशी गांगद्रुकची माणसं तिच्यात आली. ती तिबेटसाठी लढेल, असं त्यांना वाटत होतं. १९७१ मध्ये तिला चितगावच्या डोंगरांत बांगलादेशच्या लढाईला पाठवलं. पन्नासहून अधिक तिबेटी तिथे मेले. फौज गुप्त, म्हणून जाहीर सन्मान नाही. २०२० मध्ये लडाखमध्ये त्या दलाचा एक तिबेटी सैनिक जुन्या सुरुंगानं मेला, तेव्हा कुठे त्याच्या शवपेटीवर तिरंगा आणि तिबेटी झेंडा दोन्ही दिसले आणि आपल्या टीव्हीला या फौजेचा शोध लागला.

म्हणजे तिबेट्याच्या हातात बंदूक आपल्याला चालते. ती आपल्या कामाची असली पाहिजे, इतकंच. त्याच्या स्वतःच्या कामासाठी त्यानं उचलली, की आपण त्याला धम्मपद वाचायला देतो. ही आमची तक्रार अहिंसेविषयी नाही. १९७४ मध्ये ज्यानं अहिंसा मागितली, त्यानं तिची जखम स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवली. आपण ती मागतो तेव्हा आपल्या वहीत काहीच लिहिलेलं नसतं.

निर्वासित तिबेटी समाजातही हा इतिहास बराच काळ दाबलेला राहिला. कॅरोल मॅकग्रॅनहन या अमेरिकन अभ्यासिकेनं २०१० च्या आपल्या पुस्तकात याविषयी लिहिलं आहे, अहिंसेच्या सार्वजनिक प्रतिमेत या म्हाताऱ्यांना जागा उरली नव्हती. जाम्यांग नोर्बू यांच्यासारख्या लेखकानं त्यावर आयुष्यभर चिडून लिहिलं. त्यांचा राग आम्हाला कळतो. त्यांचा निष्कर्ष, की लढा चालू ठेवायला हवा होता, तो आम्हाला पटत नाही.

कुणी म्हणेल, अहिंसेनं तरी काय मिळालं? ४ जून १९८९ ही तारीख घ्या. त्या एकाच दिवशी पोलंडमध्ये निवडणूक झाली आणि साम्यवादी राजवटीचा पाया खचला, आणि त्याच दिवशी पेकिंगमध्ये थ्येनआनमनच्या आसपास रणगाडे माणसांवर गेले. निःशस्त्र दोन्हीकडे होते. सैन्याला हुकूम काय मिळाला, हा फरक होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दलाई लामांना नोबेल मिळालं. आणि २००९ पासून तिबेटात दीडशेहून अधिक माणसांनी स्वतःला पेटवून घेतलं आहे. दुसऱ्याला इजा नाही, म्हणून ही अहिंसा म्हणायची? आम्हाला ते धैर्य होत नाही. 'चूक' म्हणायचंही होत नाही.

मुस्तांगचे जे वाचले, त्यांतले पुष्कळजण पोखऱ्याच्या बाजूला जांपालिंगसारख्या वसाहतींत राहिले. गालिचे विणले. कुणाची मुलं भारतात आली, कुणी स्वेटर विकायला लागलं. आपल्या गावात स्टुलावर बसलेल्या म्हातारीचा नवरा किंवा भाऊ त्यांतला असेल की नाही, आम्हाला ठाऊक नाही. आपण कधी विचारलेलं नाही. या थंडीत विचारून बघा. घासाघीस झाल्यावर विचारा, आधी नको, नाहीतर तिला वाटेल भाव पाडायचा नवा डाव आहे.

वेळ झाली आहे, अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. तो सिंदखेडराजाचा प्रश्न विचारणारा मुलगा आज इथे आला आहे, आम्हाला मागे दिसतो आहे. त्याचा चेहरा सांगतो की त्याला पुरंदरचा दाखला पटलेला नाही. माईक आधी त्याच्याकडे द्या.